फिलोमिनाबाईंचा तिसरा रकाना

फिलोमिनाबाई घोन्सालविस यांची आणि माझी पहिली भेट कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये झाली आणि त्या भेटीनंतर मी बसस्टॉपवर उभी राहून रागाने रडले होते. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करायची नसते, हे मला कळतं. पण पंचाहत्तरीनिमित्त ग्रंथ निघतोय म्हटल्यावर बाईंनी मला फोन करून बजावलं, "मंजिरी, गोडगोड लिहिलंस तर मी वाचणार नाही. जे झालं ते लिही." तेव्हा जे झालं ते लिहिते.

बाईंना न ओळखणाऱ्या वाचकांसाठी थोडं आधी सांगायला हवं. फिलोमिनाबाई मूळच्या वसईच्या. लग्न होऊन त्या हॅमिल्टनला आल्या आणि इथल्या इस्पितळांत स्पॅनिश बोलणारे रुग्ण आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर यांच्या मधोमध उभं राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं. पुढे आमची दुभाषी सेवा त्यांच्याच देखरेखीखाली चालू लागली. दर शनिवारी सकाळी नव्या माणसांना तयार करायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. त्या नव्यांपैकी मी एक होते. नागपूरची, शिक्षणाने इंजिनिअर, पुण्यात हौसेने स्पॅनिशच्या सगळ्या परीक्षा दिलेली आणि इथे येऊन वर्षभर घरी बसलेली. थोडक्यात, नाकाचा शेंडा जरा वरच होता.

बाईंनी माझी सर्टिफिकेटं न बघताच विचारलं, "किती शब्द येतात?"

"सात-आठ हजार असतील," मी म्हटलं. नम्रता म्हणून हजारभर कमीच सांगितले होते.

"पुष्कळ झाले. त्यातला एक घे." त्यांनी एक वही पुढे सरकवली. पहिल्या पानावर तीन रकाने आखलेले होते आणि वर लिहिलं होतं, कुइदादो. "महिनाभर हाच. शब्दकोश उघडायचा नाही. बाहेर फिरायचं, कान उघडे ठेवायचे. पहिल्या रकान्यात कोण कोणाला म्हणालं ते लिही. दुसऱ्यात, कशासाठी. तिसऱ्यात, ऐकणाऱ्याने मग काय केलं."

"बाई, कुइदादो म्हणजे काळजी. पहिल्या धड्यात असतो तो."

"असतो ना? मग महिना सोपा जाईल."

सोपा कसला. डिसेंबरच्या थंडीत मी कोलंबियन बेकरीत, लॅटिन ग्रोसरीत, चर्चच्या दारात भुतासारखी उभी राहत होते. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती, ती म्हणायची, "मॉम, पीपल थिंक यू आर अ स्पाय." पण वही भरत गेली. बेकरीवाल्या बाई गरम ट्रे घेऊन आल्या आणि ओरडल्या, "कुइदादो!" तिसरा रकाना: सगळे भिंतीला चिकटले, मीसुद्धा. एका आजोबांनी ओळखीच्या माणसाला सांगितलं की नात सध्या बहिणीच्या कुइदादोमध्ये आहे, म्हणजे बहीण तिला सांभाळते आहे. तिसरा रकाना: त्या माणसाने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. परीक्षेबद्दल बोलताना एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मे तिएने सिन कुइदादो," मला काही फिकीर नाही. तिसरा रकाना: मैत्रिणीने हातातलं पुस्तक मिटलं. चर्चमधून निघताना एका बाईंनी दुसरीला निरोप देताना नुसतं "कोन कुइदादो" म्हटलं, म्हणजे जपून जा. तिसरा रकाना: दुसरीने टोपी कानांवर ओढली आणि कठडा धरून पायऱ्या उतरली. आणि ग्रोसरीत एक जणी शेजाऱ्याच्या आजाराबद्दल बोलत होती. आजार "दे कुइदादो" आहे, म्हणजे साधासुधा नाही, जिवावरचा आहे. ऐकणारीने हातातली पिशवी खाली ठेवली.

महिन्याच्या शेवटी वहीत एकावन्न नोंदी होत्या. काळजी घेणं, काळजी वाटणं, जपणं, हवाली करणं, बाजूला हो म्हणून ओरडणं, आजाराची गंभीरता सांगणं, एवढं सगळं त्या एका नामात मावत होतं. मी ऐटीत वही दिली. बाईंनी पहिले दोन रकाने पाहिलेच नाहीत. तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, "इथे सहा जागी काही लिहिलेलं नाही."

"तिथे ऐकणाऱ्याने काहीच केलं नाही, बाई."

"असं होत नाही. तू बघितलं नाहीस."

हाच शब्द का, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. हॅमिल्टनला आल्यावर त्यांना पहिली नोकरी मिळाली ती इस्पितळाच्या लाँड्रीत. चादरी इस्त्री करणाऱ्या मोठ्या तापत्या रोलरवर त्या होत्या आणि शेजारी एल साल्वादोरहून जीव वाचवून आलेल्या एक बाई. एक दिवस बाईंची बाही रोलरमध्ये ओढली गेली. शेजारची ओरडली, "कुइदादो!" आणि तिने स्वतःचा हात घालून यांचा हात मागे खेचला. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग कायमचा राहिला. बाईंना तोवर स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. त्याच बाईंकडून, चादरीच्या घड्या घालता घालता, त्यांनी पुढची सगळी भाषा शिकून घेतली. "अर्थ मला नंतर कळला," त्या म्हणाल्या, "हात आधी वाचला."

एवढं ऐकूनही मी शिकले नाही. ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायचा, तो पुढे दोन वर्षांनी घडला. त्यातल्या गृहस्थांनी तो सांगायला मला लेखी परवानगी दिली आहे, फक्त आडनाव नको म्हणाले.

अन्सेल्मो ग्वातेमालाचे. दर वर्षी आठ महिने नायगाराच्या वाटेवरच्या एका ग्रीनहाउसमध्ये ढोबळी मिरची तोडायला येत. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्यांना इस्पितळात आणलं, तेव्हा दुभाषी म्हणून मी होते. तारेने ओरखडलेला डावा हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला होता. डॉक्टरांनी पेनने त्या लालीच्या कडेने रेघ आखली. अन्सेल्मोंच्या मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या मुलीचा फोटो होता. फोरमनची व्हॅन खाली थांबली होती आणि अन्सेल्मोंचं सगळं लक्ष खिडकीकडे होतं. आजारी पडलेल्या माणसाला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, ही त्यांची भीती त्यांनी मला दोनदा सांगितली.

मग त्यांनी डॉक्टरांकडे बघून विचारलं, "एस दे कुइदादो?" गंभीर आहे का?

डॉक्टर म्हणाले, "हो. हे रक्तात गेलं तर तुमचा जीव जाऊ शकतो. आज तुम्ही इथेच राहायला हवं. जाणारच असाल तर लाली या रेघेबाहेर गेली किंवा थंडी वाजली, की त्याच मिनिटाला परत या."

दुभाष्याने काय करायचं असतं ते मला पाठ होतं. आलेलं वाक्य पुढे द्यायचं, त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. पण माझ्यासमोर माझ्या बाबांच्या वयाचा, बाबांसारखाच हडकुळा माणूस बसला होता. आमच्या घरात आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची पद्धतच नाही. बाबांना शेवटपर्यंत आम्ही अल्सर आहे म्हणून सांगत होतो. सगळे मिळून, हसऱ्या चेहऱ्याने. माझ्या तोंडून निघालं, "पिएर्दा कुइदादो." काळजी सोडा. "औषधाने बरं होईल. डॉक्टर म्हणतात, थांबलात तर बरं. लाली वाढली तर परत या." जीव जाऊ शकतो, हे वाक्य मी गिळलं. थंडीचंही राहून गेलं.

अन्सेल्मोंचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझे आभार मानले, गोळ्यांची पुडी खिशात टाकली, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर सही केली आणि ते व्हॅनकडे गेले. डॉक्टरांना वाटलं, सगळं समजून उमजून गेले. मलाही आपण एका माणसाला धीर दिला याचं समाधान वाटत होतं.

त्या दिवशी शनिवारच्या वर्गाला मी उशिरा, दुपारी पोचले. बाकीचे गेले होते, बाई खुर्च्या लावत होत्या. देखरेख त्यांची असल्यामुळे सकाळच्या कामाची हकीकत मी त्यांना सांगितली, थोडी कौतुकाच्या अपेक्षेनेच. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "तू पिएर्दा कुइदादो म्हणालीस. ऐकणाऱ्याने मग काय केलं?"

"गेले, बाई."

माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडला. मी काय करून बसले होते ते मला तेव्हा कळलं. बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आधी इस्पितळाला फोन लाव. तूच लाव. काय बोललीस आणि काय नाही बोललीस, दोन्ही सांग."

मी फोन लावला. नर्सने सगळं लिहून घेतलं, डॉक्टरांना विचारते म्हणाली आणि दहा मिनिटांनी तिचा फोन आला. रुग्णाने दिलेला नंबर ग्रीनहाउसच्या ऑफिसचा होता. शनिवार दुपार, ऑफिस बंद. फोरमन उचलत नव्हता. ती पोलिसांना चौकशीला पाठवते आहे, पण वेळ लागेल, बाहेर बर्फाळ पाऊस सुरू आहे. तुम्ही आधी पोचू शकत असाल तर जा, असंही ती म्हणाली.

"पोलिसांची गाडी दिसली तर परत पाठवतील या भीतीने अन्सेल्मो मागच्या दाराने पळेल," बाई कोट चढवत म्हणाल्या. "चल. बर्फावरचे विंटर टायर्स लावलेस?"

"नाही बाई. पुढच्या वीकेंडची अपॉइंटमेंट आहे."

"मग हळू चालव. पण चालव."

एरवी पाऊण तासाचा तो रस्ता आम्हाला दीड तास लागला. काचेवर बर्फ धरत होता, वायपर खरखरत होते, पुढचा ट्रक मध्येच दिसेनासा होत होता. एका उतारावर गाडी बाजूला घसरली आणि मी किंचाळले. बाईंनी डॅशबोर्ड घट्ट धरला होता, चेहरा पांढरा पडला होता, पण थांब असं त्या म्हणाल्या नाहीत. दर पाच मिनिटांनी त्या नर्सकडून घेतलेला फोरमनचा नंबर लावत होत्या. मी रडत म्हटलं, "बाई, तुम्ही सांगाल ना त्यांना? माझ्यावर आता त्यांचा विश्वास बसणार नाही."

"ते तुझ्या तोंडून गेलंय. परत तुझ्याच तोंडून यायला हवं."

"आणि नाही ऐकलं त्यांनी तर?"

बाईंनी फोरमनचा नंबर पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं आहे.

ग्रीनहाउसच्या मागे कामगारांची राहण्याची खोली होती. दार उघडलं तेव्हा आत चार-पाच जण जेवत होते. कोपऱ्यातल्या पलंगावर अन्सेल्मो तीन ब्लँकेटं घेऊन पडले होते आणि त्यांचे दात वाजत होते. एक जण म्हणाला, ताप आहे, पण इस्पितळात काळजी नाही म्हणून सांगितलंय, झोपू दे त्याला. मी ब्लँकेट बाजूला केलं. लाली पेनच्या रेघेच्या चार बोटं वर चढली होती.

मी गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. "डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं की यात तुमचा जीव जाऊ शकतो. थंडी वाजली तर त्याच मिनिटाला परत या, असंही सांगितलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. काळजी सोडा, हे डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनाचं घातलं."

खोलीत कोणी घास घेत नव्हतं. अन्सेल्मो माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "का?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझं धैर्य तिथेच संपलं. मी बाईंकडे वळून पाहिलं. दाराजवळ पडलेले अन्सेल्मोंचे चिखलाचे बूट त्यांनी उचलले होते, नाड्या सैल करून दोन्ही बूट पुढे धरून त्या पलंगाशी उभ्या होत्या. बर्फाचं पाणी त्यांच्या केसांतून गळत होतं. मग अन्सेल्मो उठून बसले आणि त्यांनी पाय खाली सोडले. बाईंनी वाकून त्यांना बूट घातले.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून त्यांच्या दातांचा आवाज येत होता आणि मध्येच तो थांबला की माझा जीव वरखाली व्हायचा. त्यांना थेट अतिदक्षता विभागात नेलं. स्पॅनिशमध्ये त्या विभागाच्या नावातही हाच शब्द आहे, कुइदादोस इन्तेन्सिवोस, आणि दारावरच्या त्या पाटीखाली मी तीन दिवस बसून होते. जीव वाचला. हात वाचला. दोन बोटं मात्र पुन्हा नीट मिटली नाहीत.

बाईंनी मला वाचवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. त्यांनी सेवेकडे जो अहवाल दिला, त्यात माझी चूक जशीच्या तशी होती. त्याखाली त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं की तिसरा रकाना रिकामा ठेवण्याची हिची खोड मला माहीत होती, तरी मी हिला एकटीला पाठवलं. मला चार महिने कामावरून दूर ठेवण्यात आलं. बाईंनी स्वतःहून देखरेखीचं पद सोडलं. मी घरी जाऊन त्यांच्यापुढे हात जोडले, तर म्हणाल्या, "ते माझं मी बघीन. शनिवारी वही घेऊन ये." चारही महिने, माझ्याशिवाय कोणी नसताना, त्यांनी त्या बेसमेंटमध्ये माझा वर्ग घेतला. नाताळात घरी केलेले तळलेले फुगे, म्हणजे वसईकडचे मैद्याचे गोल वडे, डब्यात घालून आणले आणि मी एक खाल्ल्यावर विचारलं, "कसे झालेत?" मी "छान" म्हणताच म्हणाल्या, "मीठ कमी आहे. खरं बोलायला शीक."

बाईंमध्ये दोष नाहीत असं नाही. त्या कौतुक करत नाहीत. फोन उचलत नाहीत. कोणाकडेही जेवायला गेल्या की आधी मिठाची चूकच काढतात. त्यांच्या वर्गातून कित्येक जण रडून पळाले आणि त्यातल्या काहींनी हे काम कायमचं सोडलं, ही मला त्यांची चूकच वाटते. पण आज या शहरात जे रुग्ण आपला आजार आपल्या भाषेत, पुरा, जसा आहे तसा ऐकू शकतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पलंगाशी बाईंनी घडवलेला माणूस उभा असतो. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलेलं नाही, इथे छापील म्हणते.

या ग्रंथासाठी मी अन्सेल्मोंकडे शुभेच्छा मागितल्या. आता ते गावीच असतात. त्यांनी फोनवर बोलून ध्वनिमुद्रण पाठवलं. संपादक मंडळाने सुचवलं की त्यातली दोन वाक्यं गौरवग्रंथात बरी दिसणार नाहीत, ती गाळावीत. मी नकार दिला. तो निरोप असा:

"सेन्योरा फिलोमिनांना नमस्कार. माझी दोन बोटं थंडीत दुखतात. ज्या दिवशी दुखतात त्या दिवशी मला मंजिरीचा राग येतो, आणि मी तिला पूर्ण माफ केलेलं नाही. हे तिने गाळू नये. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला छान वाटलं आणि मी झोपलो. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला फार भीती वाटली आणि मी उठलो. त्या खोलीतून मला निघायचं नव्हतं, सेन्योरा. मी ठरवलं होतं की नाही जायचं. पण तुमच्या वयाची बाई माझे बूट धरून उभी होती आणि तुमच्या केसांतून पाणी गळत होतं. माझ्या मुलीचं लग्न झालं, चर्चमध्ये मी तिच्या शेजारून चालत गेलो. तेच बूट पॉलिश करून घातले होते. कोन कुइदादो, सेन्योरा."

मी यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही. बाई, मूळ ध्वनिमुद्रण सोबत पाठवते आहे, तपासून घ्या.

पंचाहत्तरीला दीर्घायुष्य चिंतायचं असतं, ते मी मनापासून चिंतते. तुम्ही आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात, ठणठणीत, मिठाची चूक काढणाऱ्या, रकाने तपासणाऱ्या. काळजी करू नका, असं मात्र मी तुम्हाला म्हणणार नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुमच्या हृदयाबद्दल जे सांगितलं, ते तुम्ही मला सांगितलंत आणि मी ते पुरं ऐकलं. म्हणून लिहून ठेवते, ऐकणाऱ्याने मग काय केलं: विंटर टायर्स ऑक्टोबरातच लावून घेतले आहेत. शनिवारी नऊ वाजता तुम्हाला वर्गाला न्यायला गाडी घेऊन येते. पायऱ्यांवर बर्फ असेल, मी वर येईपर्यंत उतरू नका. बूट मी घालीन.